ऐझॉलचें कौतुक आणि ऐझॉलचा हक्क

२०२५ च्या जुलै महिन्यांत इंडियन सुपर लीगचा पुढील हंगाम लांबणीवर पडल्याचें जाहीर झालें, तेव्हां आमचे एक विद्वान स्नेही मोठ्या मिस्किलपणें आम्हांस म्हणाले, "काय प्रोफेसरसाहेब, आठ वर्षें तुम्ही त्या ऐझॉलचें रडगाणें गात आलां. आतां पैसेवाल्यांनीं हात आंखडता घेतला. तुमचें ऐझॉल हा खेळ चालविणार काय?" त्या वेळीं आम्ही दुसऱ्याच्या घरीं चहा घेत होतों, आणि यजमानांच्या दिवाणखान्यांत वाद माजविणें बरें नव्हे म्हणून गप्प राहिलों. परंतु प्रश्न विचारणारे गृहस्थ कांहीं अडाणी नव्हेत. शनिवारीं रात्रीं मुलाला शेजारीं बसवून ते इंग्लंडमधील फुटबॉलचे सामने पाहतात, मँचेस्टरच्या दोन्ही संघांची वंशावळ त्यांस मुखोद्गत आहे, आणि न्याय, समता, गुणग्राहकता या शब्दांवर ते उत्तम व्याख्यान देऊं शकतात. त्यांच्यासारखे सुशिक्षित आज घरोघर आहेत. म्हणून चहाच्या पेल्याशीं राहून गेलेलें उत्तर येथें चारचौघांसमक्ष देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ज्यांना मूळची हकीकत ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं ती आधीं सांगितली पाहिजे. फुटबॉलची राष्ट्रीय लीग आपल्या देशांत १९९६ सालीं सुरू झाली व २००७ पासून ती आय-लीग या नांवानें खेळली जाऊं लागली. तिच्या २०१६-१७ च्या हंगामांत दहा संघ होते. कोलकात्याचे मोहन बागान व ईस्ट बंगाल हे शंभर वर्षांच्या घराण्याचे, बंगळुरू एफ. सी. हा नव्या श्रीमंतीचा. गोव्याचा चर्चिल ब्रदर्स. आपल्याकडचे मुंबई एफ. सी. व पुण्याचे शिवाजीयन्स. असे नऊ आणि दहावा मिझोरामच्या राजधानीचा ऐझॉल एफ. सी. ज्या मिझोरामची सगळी लोकसंख्या २०११ च्या शिरगणतींत अकरा लाखांच्या आंत, म्हणजे एकट्या ठाणें शहराहूनही कमी भरली, त्या डोंगरी प्रांतांतला हा संघ. त्या प्रांतांत फुटबॉल हा रविवारचा विरंगुळा नसून गल्लीगल्लींतला व्यवहार आहे, आणि २०१४ सालीं संतोष चषक त्यांनीं जिंकला होता, हें खरें. तरीपण राष्ट्रीय लीगचा मुकुट तिकडे जाईल असें स्वप्नसुद्धां कोणीं पाहिलें नव्हतें.

याचें कारण मागच्याच वर्षाच्या हिशेबांत होतें. २०१५-१६ च्या हंगामांत नऊ संघांपैकीं ऐझॉल आठवा आला. नववा, म्हणजे शेवटचा, आला तो आमच्या पुण्याचा शिवाजीयन्स. आतां खालच्या वर्गांत कोणीं जावें? ज्याला अंकगणित येतें असें कोणतेंही पोर सांगेल कीं, शेवटच्यानें. परंतु पुण्याचा संघ खालून जिंकत वर आलेला नव्हता. तो थेट प्रवेशाच्या योजनेखालीं आंत आला होता, आणि अशा संघास कांहीं काळ खालीं उतरविण्यापासून अभय होतें. तेव्हां नववा राहिला आणि आठवा गेला! पुणेकर म्हणून आम्हांस त्या दिवशीं आनंद व्हावयास हवा होता. तो झाला नाहीं, एवढेंच येथें नमूद करतों.

पुढें गोव्याच्या तीन संघांनीं निषेधार्थ लीगवर पाणी सोडलें. त्याची कथा पुढें येईलच. जागा रिकामी झाली म्हणून ऐझॉलला परत बोलावण्यांत आलें. म्हणजे ज्या हंगामानें इतिहास केला, त्या हंगामांत ऐझॉलला प्रवेश मिळाला तोच मुळीं कोणी रागावून पंगतींतून उठल्यामुळें रिकाम्या झालेल्या पाटावर.

या संघानें शिक्षक म्हणून नेमला खालिद जमील यास. हे गृहस्थ २००९ पासून २०१६ पर्यंत मुंबई एफ. सी. चे शिक्षक होते. नंतर मुंबईला त्यांची गरज उरली नाहीं. त्यांनीं बरोबर मुंबईच्या मैदानांत वाढलेला जयेश राणे व बचावांतला आशुतोष मेहता यांस घेतलें. गोलरक्षणास गोव्याचा अल्बिनो गोम्स उभा राहिला. सीरियाचा अल-अम्ना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जार्यान हे मध्यभाग सांभाळूं लागले. बाकी बहुतेक त्याच डोंगरांतलीं पोरें. ७ जानेवारी २०१७ रोजीं हंगाम सुरू झाला. मार्च उलटला तरी हा संघ अग्रभागींच आहे हें पाहून शहाणे लोक म्हणूं लागले कीं, आतां पडेल, आतां पडेल. २२ एप्रिलला खुद्द मोहन बागान ऐझॉलच्या मैदानावर आला. दोघांचे गुण सारखे, सामने सारखे. अखेरचीं सातआठ मिनिटें उरलीं असतां झोमिंगलियाना राल्टे या बचावपटूनें डोक्यानें चेंडू जाळ्यांत घातला, आणि बागान हरला. शेवटचा सामना ३० एप्रिलला शिलाँग येथें. बरोबरी केली तरी पुरे. ऐझॉलचे प्रेक्षक डोंगरी रस्त्यानें लांबचा प्रवास करून तेथें पोंचले होते, आणि त्यांच्यादेखत लाजाँगच्या दिपांदानें सुरुवातीसच गोल केला! तिकडे कोलकात्यांत बागान आपला सामना जिंकण्याच्या वाटेवर. दोन मैदानें, एकच घड्याळ. उत्तरार्धांत विल्यम लालनुनफेलानें बरोबरीचा गोल केला, उरलेलीं मिनिटें कशींबशीं सरलीं, आणि अठरा सामन्यांत ३७ गुण मिळवून ऐझॉल अजिंक्य ठरला. बागानचे गुण ३६. ईशान्य भारतांतला कोणताही संघ त्यापूर्वीं राष्ट्रीय लीग जिंकलेला नव्हता.

आणि मुंबई एफ. सी.? ज्यांनीं खालिद जमील यांस सोडलें तो संघ त्याच हंगामांत शेवटचा आला.

येथपर्यंत आमचें व आमच्या स्नेह्यांचें एकमत आहे. त्यांनीं त्या दिवशीं टाळ्या वाजविल्या, आम्हींही वाजविल्या. वर्तमानपत्रांनीं 'परीकथा' म्हटलें, 'चमत्कार' म्हटलें, 'भारताचें लेस्टर' म्हटलें. आमचें भांडण सुरू होतें तें नेमकें या शब्दांपासून.

चमत्कार या शब्दाची मोठी सोय अशी आहे कीं, तो उच्चारला म्हणजे देणें लागत नाहीं. एखादा गरीब विद्यार्थी परीक्षेंत पहिला आला, तर त्याला शिष्यवृत्ति द्यावी लागते. कारण पहिला येणें हा हक्क आहे. परंतु त्याच्या पहिला येण्याला चमत्कार म्हटलें, कीं त्याच्या पाठीवरून हात फिरवावा, त्याच्या आईबापांबरोबर छायाचित्र काढावें, आणि शिष्यवृत्ति विश्वस्तांच्या भाच्यास द्यावी. चमत्काराचें कौतुक होतें. त्याची पावती कोणी फाडीत नाहीं. अध्यापनांत आमचीं तीसएक वर्षें गेलीं. कौतुकानें हक्क बुडविण्याची ही रीत आम्हीं पुष्कळ ठिकाणीं पाहिली आहे. म्हणून ती मैदानावर दिसतांच आम्हांस ओळखूं आली.

लेस्टरचीच उपमा घ्या. २०१५-१६ च्या हंगामांत लेस्टर सिटी इंग्लंडच्या अव्वल लीगमध्यें पहिला आला, तेव्हां तिकडील लोकांनींही परीकथा हाच शब्द वापरला. पण पुढच्या वर्षीं युरोपांतील विजेत्यांच्या स्पर्धेंत लेस्टरचें पान वाढलेलें होतें. त्यासाठीं त्यांनीं अर्ज केला नाहीं, बोली लावली नाहीं, कोणाच्या पायां पडले नाहींत. पहिले आले, म्हणून गेले. आणि उपउपांत्य फेरीपर्यंत पोंचून २०१७ च्या एप्रिलमध्यें माद्रिदच्या ॲटलेटिकोकडून हरले. त्याच एप्रिलमध्यें ऐझॉल बागानला हरवीत होता. पुढें २०२३ सालीं तेंच लेस्टर खालच्या वर्गांत उतरलें. त्या वेळीं 'यांनीं एकदां परीकथा लिहिली आहे, यांस ठेवा' असें कोणी म्हणालें नाहीं. जिंकल्यावर वर आणि हरल्यावर खालीं, हा नियम ज्या घरांत पाळला जातो तेथें परीकथा या शब्दानें कोणाचें नुकसान होत नाहीं. ऐझॉलला लेस्टर म्हणणाऱ्यांनीं नांव तेवढें आणलें आणि नियम तिकडेच ठेवला.

आपल्याकडे काय घडलें तें आतां पाहूं. २०१० च्या डिसेंबरांत अखिल भारतीय फुटबॉल महासंघानें आपले व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठीं सातशें कोटि रुपयांस आय. एम. जी.-रिलायन्स या मंडळीस दिले. त्यांतून २०१४ च्या ऑक्टोबरांत इंडियन सुपर लीग निघाली. आठ शहरें, आठ मालक. देल पिएरो, पिरेस, ल्युंगबेरी, त्रेझेगे असे जगद्विख्यात पण उतारास लागलेले खेळाडू आणून मोठा थाट उडविण्यांत आला. तींत प्रवेश खेळून मिळत नव्हता. तो विकत घ्यावा लागे. पहिलीं वर्षें ही दोनतीन महिन्यांची जत्रा होती, आणि राष्ट्रीय लीग ती आय-लीगच, असें सांगण्यांत येत होतें. मग हळूहळू उलट सांगण्यांत येऊं लागलें. २०१७ च्या जूनमध्यें क्वालालंपूर येथें आशियाई महासंघासमोर बैठक होऊन ठरलें कीं, पुढील हंगामापासून दोन्ही लीगा एकाच वेळीं चालाव्यात. त्याच उन्हाळ्यांत सुपर लीगचे दोन संघ वाढविण्यांत आले.

वाचकहो, हे दोन संघ कोणते, तें कृपा करून लक्षांत घ्या. एक बंगळुरू एफ. सी., जो त्या वर्षींच्या आय-लीगमध्यें चौथा आला होता. दुसरा जमशेदपूर, जो त्या वर्षींच्या आय-लीगमध्यें कोठेंच आला नव्हता, कारण तो संघच त्या वेळीं जन्मास यावयाचा होता. पहिला आलेला बाहेर, चौथा आलेला आंत, आणि न जन्मलेलाही आंत! बंगळुरूविषयीं आमचा आकस नाहीं. त्यांनीं २०१४ व २०१६ सालीं लीग जिंकली होती व त्यांचा कारभार चोख होता. जमशेदपूरच्या मागें टाटांचें घराणें, त्यांची फुटबॉलची शाळा देशांत नांवाजलेली. पण ते आंत गेले ते या गुणांमुळें नव्हे, निविदा भरल्यामुळें. ऐझॉलला कोणीं अडविलें नव्हतें, असें आमचे स्नेही म्हणतात. त्यांनींही निविदा भरावयाची होती! दरसाल कोट्यवधींचें शुल्क अकरा लाखांच्या डोंगरी प्रांतांतल्या संघानें भरावयाचें, हें सांगतांना मनुष्यास हंसूं कसें येत नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें. ऐझॉलच्या चालकांनीं आमरण उपोषणाची भाषा केली. ती थोडी नाटकी होती हें मान्य. परंतु ज्याच्या हातीं विजेतेपद असूनही ज्याला दारांतच थोपविण्यांत येतें, त्यानें कोणत्या सुरांत बोलावें, हें आंत बसलेल्यांनीं ठरवूं नये.

मग संघाचें काय झालें? जें व्हावयाचें तेंच. खालिद जमील ईस्ट बंगालकडे गेले, अल-अम्नाही तिकडेच. राणे व मेहता कोलकात्याच्या सुपर लीग संघाकडे, गोम्स दिल्लीकडे, लालरुआत्थारा केरळाकडे. विजेत्या संघाचे खेळाडू मोठे संघ नेतात, तें जगभर चालतें. त्याचें दुःख नाहीं. पण जगभर त्या मोठ्या संघांशीं पुढच्या वर्षीं मैदानांत उभें राहण्याची संधि तरी मागें उरलेल्यांस मिळते. ऐझॉलचे खेळाडू ज्या लीगमध्यें गेले त्या लीगमध्यें ऐझॉलला जाण्याची वाट नव्हती. जानेवारी २०१८ मध्यें हा संघ आशियाई विजेत्यांच्या स्पर्धेच्या पात्रतेसाठीं इराणांत जाऊन एक सामना खेळला व ३-१ असा हरला. ही त्याच्या विजेतेपदाची प्राप्ति. तीही आशियानें दिली.

हें सर्व दूरच्या ईशान्येकडचें, आपणांस त्याचें काय, असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं आपल्या अंगणांत पाहावें. आम्ही विद्यार्थी असतांना कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स चषकाचे सामने पाहावयास जात असूं. १८९१ पासून चालत आलेली ती स्पर्धा या शतकाच्या आरंभीं बंद पडली, आणि ती बंद पडली हें कोणीं कोणास सांगितलेंही नाहीं. महिंद्र युनायटेड, ज्यानें २००५-०६ सालीं राष्ट्रीय लीग जिंकली, तो संघ २०१० सालीं मोडला. पुणें एफ. सी. २०१२-१३ सालीं देशांत दुसरा आला आणि २०१५ सालीं मिटला. त्याच पुण्यांत सुपर लीगचा मोठा संघ त्रेझेगेला घेऊन अवतरला होता, आणि तोही २०१९ सालीं आपला बाडबिस्तरा उचलून हैदराबादेस गेला. पुण्याचाच भारत एफ. सी. एका हंगामाचा धनी. मुंबई एफ. सी. २०१७ च्या त्या उतरंडीनंतर संपला, आणि ज्या शिवाजीयन्सांसाठीं ऐझॉलला खालीं लोटलें होतें ते शिवाजीयन्सही त्याच वर्षीं लीगमधून दिसेनासे झाले. म्हणजे ज्यास अभय दिलें तो राहिला नाहीं, आणि ज्यास लोटलें त्यानें मुकुट जिंकला! त्या सालीं आम्हीं वर्गांत सहज विचारलें कीं, मुंबई एफ. सी. चा शिक्षक कोण होता. साठ मुलांपैकीं एकालाही सांगतां आलें नाहीं. लिव्हरपूलच्या शिक्षकाचें नांव मात्र साऱ्या वर्गानें एका सुरांत सांगितलें. मुलांचा दोष नाहीं. त्यांचे वडील आमच्या स्नेह्यांसारखे.

आणि गोवें! आय-लीगचे पहिले सहा हंगाम, २००८ पासून २०१३ पर्यंत, ओळीनें गोव्याच्या संघांनीं जिंकले: धेंपो तीनदां, चर्चिल ब्रदर्स दोनदां, साळगांवकर एकदां. एवढ्याशा प्रदेशानें एवढ्या मोठ्या देशावर सहा वर्षें राज्य केलें, आणि त्याचें मराठी घरांत आम्हीं कधीं कौतुकही केलें नाहीं. २०१६ सालीं महासंघानें आय-लीगला खालच्या पायरीवर बसविण्याचा आराखडा मांडला, तेव्हां धेंपो, साळगांवकर व स्पोर्टिंग क्लब या तिघांनीं सरळ सांगितलें कीं, ज्या शिडीला वरची पायरी नाहीं तिच्यावर आम्ही चढत नाहीं. आणि ते बाहेर पडले. त्यांस हटवादी म्हणण्यांत आलें. त्यांतला धेंपो पुढें खालच्या वर्गांतून खेळत खेळत २०२४ सालीं आय-लीगमध्यें पुन्हां आला. आमच्या मतें हें पुनरागमन कोणत्याही विकत घेतलेल्या प्रवेशाहून अधिक मोलाचें आहे. पण त्या दिवशीं आमच्या वर्तमानपत्रांत त्याला किती ओळी मिळाल्या?

आतां प्रतिपक्षाचें म्हणणें. तें दुबळें नाहीं, व तें दुबळें करून सांगण्याची आमची इच्छा नाहीं. आय-लीगचीं मैदानें कित्येकदां ओस असत, प्रक्षेपण अर्धवट, व्यवस्था गबाळी. सुपर लीगनें मैदानें दुरुस्त केलीं, कोचीसारख्या ठिकाणीं प्रेक्षकांचा पूर आणला, खेळाडूंच्या घरांत चार पैसे नेले. हें सारें खरें. ज्या आईबापांनीं मुलाच्या फुटबॉलकडे पूर्वीं कपाळावर आठी घालून पाहिलें असतें, त्यांनीं त्याला बूट घेऊन दिले, ही गोष्ट लहान नव्हे. आणि पैसा घालणारा म्हणतो कीं, पुढच्या वर्षीं माझा संघ खालीं जाणार असेल तर मी पैसा कशाला घालूं? व्यापाराच्या दृष्टीनें हाही प्रश्न रास्त आहे.

त्याला आमचें उत्तर एवढेंच कीं, व्यापाराच्या दृष्टीनें तो रास्त आहे म्हणूनच त्याचा निकाल व्यापाऱ्याकडे सोंपवूं नये. पैसा घालणाऱ्यास जाहिरात द्या, तिकिटांचा वांटा द्या, प्रक्षेपणाचे हक्क द्या. क्रमांक मात्र त्याला विकतां येणार नाहीं, कारण क्रमांक महासंघाच्या मालकीचा नाहीं. तो खेळून मिळतो. बरें, हें अभय विकून स्थैर्य तरी आलें काय? पंधरा वर्षांचा करार संपत आला, नवा कसा करावा तें ठरेना, म्हणून २०२५ च्या जुलैंत हंगाम थांबला. महासंघानें निविदा मागविल्या तर नोव्हेंबरांत मुदत संपेपर्यंत एकही आली नाहीं. दार बंद होतें म्हणूनच हें घडलें असें आम्ही म्हणत नाहीं. त्यास न्यायालयापासून बाजारापर्यंत अनेक कारणें होतीं. परंतु 'दार बंद ठेवा म्हणजे पैसा टिकेल' हें जें सांगण्यांत आलें होतें, तें खोटें ठरलें, एवढें तरी आमच्या स्नेह्यांनीं पदरांत घ्यावें. त्यांनीं आम्हांस उलट विचारलें कीं, ऐझॉल खेळ चालविणार काय! ऐझॉलनें खेळ चालविण्यास कधीं मागितलाच नव्हता. त्यानें जिंकलेली जागा मागितली होती.

इंग्लंडचा दाखला वर दिला म्हणून आम्ही इंग्लंडचे भाट आहों असें कोणीं समजूं नये. तेथेंही १८८८ सालीं लीग निघाली ती बारा संघांच्या आपसांतल्या ठरावानें. चढ-उताराचा सरळ नियम १८९८ सालीं आला. आणि लीगच्या अगदीं तळच्या पायरीवर तर जुन्या सभासदांनीं एकमेकांस मतें देऊन आपल्या जागा राखण्याची पद्धत १९८६ पर्यंत चालली. म्हणजे हा नियम कांहीं त्या बेटाच्या हवेंत उगवलेला नाहीं. तो मागून, भांडून, टप्प्याटप्प्यानें मिळालेला आहे. फरक आहे तो पुढें. २०२१ च्या एप्रिलमध्यें युरोपांतल्या बारा धनाढ्य संघांनीं स्वतःपुरती कायमची लीग काढण्याचा बेत जाहीर केला. त्यांत इंग्लंडचे सहा होते. त्या सहा संघांचे स्वतःचे प्रेक्षक, ज्यांचा त्यांत लाभच होता, ते रस्त्यावर आले, आणि तिसऱ्या दिवशीं सहाही संघ माघारी फिरले. आमचे स्नेही त्या वेळीं त्या प्रेक्षकांच्या बाजूनें फार आवेशानें बोलले होते. तेंच दार आपल्या देशांत चार वर्षांपूर्वीं बंद झालें होतें, याची त्यांस आठवणही नव्हती. परक्याच्या घरचा अन्याय आपणांस लवकर दिसतो. त्याला वर्गणी पडत नाहीं.

दार पुढें किलकिलें झालें, हेंही सांगितलें पाहिजे. २०१९ सालीं पुन्हां क्वालालंपुरांत ठरलें कीं, सुपर लीग ही अव्वल लीग, आणि २०२२-२३ पासून आय-लीगच्या विजेत्यास शुल्क न घेतां वर घ्यावें. त्याप्रमाणें २०२३ सालीं पंजाब व २०२४ सालीं कोलकात्याचा महमेडन स्पोर्टिंग वर गेले. आम्हीं त्याचें स्वागत केलें. पण उताराचें काय? त्याच ठरावांत २०२४-२५ पासून तोही सुरू व्हावयाचा होता. २०२४-२५ च्या हंगामांत तेरा संघांत महमेडन तेरावा आला, आणि कोणीही खालीं गेला नाहीं. शेवटचा आलेला जेव्हां निर्धास्त झोंपतो, तेव्हां दहाव्या, अकराव्या, बाराव्या क्रमांकाच्या संघांचे मार्चमधले सामने कशासाठीं खेळले जातात, हें कोणी आम्हांस समजावून सांगेल काय? हंगामाचा अर्धा जीव तळाशीं असतो. वरची लढाई दोनतिघांची. खालची लढाई सातआठ संघांची, आणि तींत हरणाऱ्याचें घरदार पणास लागलेलें असतें. ती लढाई काढून टाकली कीं उरतात ते प्रदर्शनी सामने. तिकडे त्याच वर्षीं आय-लीगचा विजेता कोण, हें मैदानावर ठरेना. आधीं चर्चिल ब्रदर्सला चषक दिला, आणि १८ जुलै २०२५ रोजीं स्वित्झर्लंडांतील क्रीडा-लवादानें तो इंटर काशीचा ठरविला. वर जाण्याची एकच जागा ठेवली कीं ती मिळविण्यासाठीं वकील लागतात.

२०२५ च्या सप्टेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें महासंघाच्या नव्या घटनेस मान्यता दिली. अव्वल लीग महासंघाच्या मालकीची असावी व तींत चढ-उताराचें तत्त्व असावें, असें तींत आहे. त्याच्या आदल्या महिन्यांत खालिद जमील यांची राष्ट्रीय संघाचे शिक्षक म्हणून नेमणूक झाली होती. मुंबईला नको झालेला व ऐझॉलनें वर आणलेला हा मनुष्य देशाच्या संघापर्यंत पोंचला. कारण शिक्षकास एका लीगमधून दुसरींत जावयास निविदा भरावी लागली नाहीं.

या नेमणुकीच्या दिवशीं आमच्या स्नेह्यांनीं आम्हांस दूरध्वनि करून अभिनंदन केलें, जणूं आम्हीच नेमले गेलों होतों! "आतां तरी तुमचें समाधान झालें ना?" असें त्यांनीं विचारलें. आम्हीं सांगितलें, नाहीं. शेवटचे दोन संघ दरवर्षीं खालीं जावेत आणि खालचे पहिले दोन वर यावेत, मग ते मुंबईचे असोत, म्हापशाचे असोत वा ऐझॉलचे. त्यासाठीं शुल्क नसावें. कोणालाही मुदतीचें अभय नसावें. आणि हा नियम पैसा घालणाऱ्याशीं करार करण्यापूर्वीं करारांत लिहिला जावा. ज्याला तो पसंत नसेल त्यानें आपला पैसा खिशांत ठेवावा. "मग कोणीच येणार नाहीं," ते म्हणाले. आम्हीं विचारलें, अभय दिलें होतें तेव्हां नोव्हेंबरपर्यंत किती जण राहिले, हें आपण पाहूंच. आणि तोंवर एक सांगा, तुमच्या मुलाला पुण्यांतल्या एका तरी फुटबॉल संघाचें नांव येतें काय? त्यांनीं मुलाला विचारून कळवितों म्हणून सांगितलें. नोव्हेंबर येऊन गेला, निविदांची पेटी रिकामीच निघाली, आणि त्यांचा दूरध्वनि अद्याप आलेला नाहीं.